असीरगड : दक्षिणेच्या दाराचे कुलूप

इंदूर, उज्जैन किंवा ग्वाल्हेर येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांचे खानदेश-वऱ्हाडाकडे जाणेयेणे कधीच तुटलेले नाही. लग्नकार्यासाठी, कुलदेवतेच्या दर्शनासाठी, सुट्टीत आप्तेष्टांना भेटण्यासाठी ही मंडळी सातपुडा ओलांडीत असतात. आगगाडीने जावे तर खांडवा सोडल्यावर आणि बऱ्हाणपूर येण्यापूर्वी ‘असीरगड रोड’ नावाचे एक लहानसे स्थानक लागते. मोटारीने इच्छापूरच्या सडकेने जावे तर रस्ता एका मोठ्या डोंगराच्या पायथ्यावरूनच जातो. डोंगराचा माथा कोणी करवतीने कापल्यासारखा सपाट आहे आणि त्या माथ्याच्या कडेने काळ्या दगडाच्या तटाची रेघ फिरलेली आहे. गाडीतले एखादे मूल विचारते, “हा कोणता किल्ला?” वडीलधारी माणसे उत्तर देतात, “असेल कुठला तरी जुना.” एवढ्यात गाडी पुढे गेलेली असते.

रायगड, सिंहगड, देवगिरी ही नावे आपल्या घराघरांत उच्चारली जातात. असीरगडाच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. महाराष्ट्राच्या सरहद्दीबाहेर पडल्यामुळे मराठी पाठ्यपुस्तकाने त्याला आपला मानले नाही, आणि दिल्ली-आग्र्याच्या वैभवापुढे उत्तरेकडील प्रवाशालाही त्याची आठवण राहिली नाही. वस्तुतः ज्या तिसऱ्या इंग्रज-मराठे युद्धाने मराठी राज्याचा शेवट झाला, त्या युद्धातला अखेरचा मोठा वेढा याच डोंगराभोवती पडला होता. तो उठला १८१९ सालच्या एप्रिल महिन्यात, म्हणजे शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढल्याला जवळजवळ दीड वर्ष लोटल्यावर. आज या गडाची ओळख करून घ्यावयाची आहे, आणि ती करून घेताना एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. जो किल्ला अजिंक्य म्हणून चार शतके गाजला, तो वारंवार शत्रूच्या हाती गेला कसा?

प्रथम गडाची जागा पाहू. नकाशात नर्मदा आणि तापी या दोन नद्या एकमेकींना जवळजवळ समांतर अशा पश्चिमेकडे वाहताना दिसतात. दोहींच्या मध्ये सातपुड्याची रांग आडवी पसरली आहे. ही रांग उंच आणि दाट जंगलाची. सैन्य, तोफा, बैलगाड्या घेऊन ती कोठूनही ओलांडता येत नाही. परंतु खांडवा आणि बऱ्हाणपूर यांच्या दरम्यान ती काहीशी खचलेली आहे. उत्तर हिंदुस्थानातून दक्षिणेत उतरण्याचा सुगम मार्ग तो हाच. सुलतानांच्या फौजा याच वाटेने आल्या, मोगलांच्या आल्या, मराठ्यांच्या फौजा याच वाटेने माळव्यात चढल्या, आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईहून उत्तरेकडे जाणारा लोहमार्ग घालणाऱ्या इंजिनिअरांनीही हीच खिंड निवडली. असीरगड उभा आहे तो या वाटेच्या नेमका बाजूला, बऱ्हाणपुराच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरवर. म्हणून त्याला ‘दक्षिणेचा दरवाजा’ म्हणण्याचा प्रघात पडला. खरे म्हणजे दरवाजा ती खिंड होय. गड हे त्या दरवाजाला लावलेले कुलूप आहे.

हे कुलूप निसर्गानेच निम्मे घडवून ठेवले होते. सातपुड्याचा हा भाग आपल्या सह्याद्रीप्रमाणेच लाव्हारसाच्या थरांनी बनलेला आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी भूगर्भातून वर आलेला तप्त रस थरावर थर पसरून थंड झाला. त्यातील काही थर कठीण, काही ठिसूळ. ठिसूळ थर वाऱ्यापावसाने झिजून उताराचे झाले. कठीण थर मात्र भिंतीसारखे ताठ राहिले. त्यामुळे असा डोंगर खालून चढत जाताना प्रथम उतार लागतो आणि माथ्याजवळ एकदम सरळ कडा पुढे उभा राहतो. असीरगडाचा माथा पायथ्यापासून सुमारे अडीचशे मीटर उंच आहे. त्याच्या भोवती ऐंशीपासून एकशेवीस फुटांपर्यंतचा उभा कडा आहे. जेथे कडा सलग नव्हता तेथे तो माणसांनी तासून काढला, आणि वर चढण्याजोग्या ज्या मोजक्या जागा उरल्या त्या तटबुरुजांनी आणि दरवाज्यांनी बंद केल्या. माथा पूर्वपश्चिम सुमारे अकराशे यार्ड लांब आणि दक्षिणोत्तर जास्तीत जास्त सहाशे यार्ड रुंद आहे; एकंदर क्षेत्र साठेक एकर भरते. या बालेकिल्ल्याच्या खाली कमरगड आणि त्याच्याही खाली मलयगड अशा आणखी दोन तटबंद्या आहेत. शत्रूने एक तट घेतला तरी दुसरा त्याच्यापुढे उभाच.

परंतु उंच जागा आणि उभा कडा एवढ्याने किल्ला होत नाही. डोंगराच्या माथ्यावर माणूस राहू शकतो तो पाणी असेल तरच. असीरगडाच्या माथ्यावर नदी नाही, मोठा झरा नाही. येथे सारा भरवसा पावसावर. म्हणूनच गडावर ठिकठिकाणी तळी व टाकी बांधलेली वा खोदलेली दिसतात. खडकात टाके खोदले की दोन कामे एकदम साधत: निघालेला दगड तटाला लागे आणि उरलेल्या खड्ड्यात पावसाचे पाणी साठे. तट पाहून आपण थक्क होतो आणि तळ्याकडे ओझरती नजर टाकून पुढे जातो. किल्लेदाराचा हिशेब मात्र याच्या उलट असे. किती माणसे, किती घोडे, किती गुरे, आणि पुढच्या मृगापर्यंत किती पाणी, या गणितावर त्याचे सारे बळ अवलंबून असे. हे गणित ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

आता गडाच्या इतिहासाकडे वळू. गडाचे नाव आसा नावाच्या एका अहीर सरदारावरून पडले, अशी कथा फिरिश्ता या इतिहासकाराने सांगितली आहे. आसा हा मोठा पशुधनाचा धनी होता. हजारो गाईम्हशींचा त्याच्याकडे वावर, आणि दुष्काळात गोरगरिबांना अन्न देणारा अशी त्याची ख्याती. पंधराव्या शतकाच्या आरंभी खानदेशात फारुकी घराण्याचा नासिरखान राज्य करीत होता. त्याने आसाला निरोप पाठविला, की शत्रू चालून येत आहेत, माझ्या घरच्या स्त्रियांना तुझ्या गडावर आश्रय दे. आसाने विश्वासाने होकार दिला. पालख्या आणि डोल्या गडावर आल्या; आसा आणि त्याचे मुलगे स्वागतासाठी पुढे झाले. पडदे सरले तेव्हा आतून स्त्रियांऐवजी हत्यारबंद शिपाई बाहेर पडले आणि बापलेक तेथेच मारले गेले. अशा तऱ्हेची कथा इतरही काही किल्ल्यांविषयी सांगतात, तेव्हा तिचा प्रत्येक तपशील खरा मानण्याचे कारण नाही. तथापि पुढच्या चारशे वर्षांत या गडावर जे घडत गेले त्याचा पहिला सूर या कथेतच लागलेला आहे.

नासिरखानानेच तापीच्या काठी नगर वसविले आणि संत बुऱ्हाणुद्दीन यांच्या नावावरून त्याला बऱ्हाणपूर असे नाव दिले. नगर खाली, गड वर, अशी फारुकी राज्याची मांडणी सुमारे दोनशे वर्षे टिकली. या घराण्यातील राजा अलीखान हा समंजस राज्यकर्ता होता. बऱ्हाणपुरात त्याने बांधलेल्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. त्यात विक्रम संवत १६४६, म्हणजे इसवी सन १५९०, अशी मिती दिली आहे. मशिदीच्या भिंतीवर संस्कृत श्लोकांत राजाची वंशावळ कोरलेली पाहिली म्हणजे त्या काळाविषयीच्या आपल्या पुष्कळशा ठोकळेबाज कल्पना सैल होतात. हा राजा अलीखान १५९७ साली गोदावरीकाठी आष्टीच्या लढाईत मोगलांच्या बाजूने लढताना मारला गेला. त्याच्या मागून आलेल्या बहादूरखानाने मात्र मोगलांशी फटकून वागण्याचे धोरण धरले आणि अकबर चालून येत आहे असे दिसताच त्याने असीरगडाचे दरवाजे लावून घेतले.

१६०० सालच्या उन्हाळ्याच्या आरंभी अकबर स्वतः बऱ्हाणपुरास पोहोचला. शहर त्याला विनासायास मिळाले, गड मिळेना. महिन्यांमागून महिने गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चांदबिबीचा घात होऊन अहमदनगर पडले, तरी असीरगड उभाच होता. बादशहाच्या छावणीत त्या वेळी जेरोम झेवियर हा जेझुइट पाद्री होता. तटाला भगदाड पाडण्याजोग्या मोठ्या तोफा बादशहाजवळ नव्हत्या. तेव्हा चौलच्या पोर्तुगीजांना पत्र लिहून तोफा मागव, असे बादशहाने झेवियरला सांगितले आणि त्याने ते नाकारले, असे जेझुइट वृत्तान्तात म्हटले आहे. हिंदुस्थानातील सर्वांत बलाढ्य बादशहाला एका टेकडीसाठी कोकणकिनाऱ्यावरच्या परक्या व्यापाऱ्यांच्या तोफांची आठवण व्हावी, यावरून गडाची मजबुती ध्यानात येते.

पुढे काय झाले याविषयी समकालीन लेखकांत एकवाक्यता नाही. मोगल दरबाराच्या लेखकांच्या मते गडावर दाटी फार झाली होती. वेढ्याच्या भीतीने वर आलेली माणसे आणि त्यांच्याबरोबरची गुरे यांमुळे घाण वाढली, पाणी बिघडले, रोगाची साथ पसरली आणि माणसे पटापट मरू लागली. त्यातच मलयगड मोगलांनी जिंकला. जेझुइटांचा वृत्तान्त निराळा आहे. त्यांच्या मते बादशहाने शपथ घेऊन बहादूरखानाला बोलणीसाठी खाली बोलाविले आणि तो आल्यावर त्याला अटकेत ठेवले. गडावरचा वृद्ध हबशी सेनापती तरीही दाद देईना. तेव्हा सोन्याच्या जोरावर एकेका सरदाराला फोडण्यात आले, आणि त्या सेनापतीने आपल्याच हाताने आपला अंत करून घेतला. दोन्ही वृत्तान्तांचा एका गोष्टीवर मेळ बसतो: १६०१ सालच्या जानेवारीत गड मोगलांच्या स्वाधीन झाला तेव्हा बालेकिल्ल्याचा तट जसाच्या तसा होता. बहादूरखानाची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर कैदी म्हणून झाली. अकबराने या विजयाच्या स्मरणार्थ असीर येथे सोन्याची मोहर पाडविली. तिच्यावर बहिरी ससाण्याचे चित्र आहे. दूर फत्तेपूर सीक्रीच्या बुलंद दरवाज्यावरही दक्षिणेच्या आणि खानदेशच्या या विजयाचा उल्लेख कोरलेला आहे. अकबराच्या आयुष्यातील हा अखेरचा मोठा विजय ठरला.

मोगल सत्ता ढिली पडली तेव्हा पुन्हा तोच प्रकार घडला. १७२० साली निजामुल्मुल्क माळव्यातून नर्मदा उतरून दक्षिणेकडे निघाला. मागे असीरगडासारखा किल्ला शत्रूच्या हाती ठेवून पुढे जाणे धोक्याचे होते. पण त्याला वेढा घालावा लागला नाही. गडावरच्या शिबंदीचा पगार दीर्घकाळ थकला होता. पैशाची सोय होताच किल्लेदाराने किल्ला दिला. म्हणजे अकबरासारख्या बादशहाला ज्या गडासाठी दहा महिने ताटकळावे लागले, तो पगाराच्या थकबाकीवर हातचा गेला.

१७६० साली उदगीरच्या लढाईत सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला. त्या तहात मराठ्यांना जो मुलूख व जे किल्ले मिळाले त्यांत दौलताबादेबरोबर असीरगड आणि बऱ्हाणपूरही होते. पुढे १७७८ च्या सुमारास पेशव्यांनी हा प्रदेश महादजी शिंद्यांकडे दिला. तेव्हापासून गडावर शिंद्यांचा किल्लेदार राहू लागला. १८०३ सालच्या इंग्रज-मराठे युद्धात असईच्या लढाईनंतर कर्नल स्टीव्हन्सनने बऱ्हाणपूर घेतले आणि तो असीरगडावर आला. २० ऑक्टोबरला इंग्रजांच्या तोफा सुरू झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी गड खाली झाला. येथेही शिपायांच्या थकलेल्या पगारापोटी रक्कम देण्याचे कलम होते. डिसेंबरमध्ये सुर्जी अंजनगावचा तह झाला आणि गड शिंद्यांना परत मिळाला.

आता आपण शेवटच्या वेढ्याशी येतो. १८१७ सालच्या नोव्हेंबरात इंग्रजांनी दौलतराव शिंद्यांकडून ग्वाल्हेरचा तह करून घेतला. त्यात हांडिया आणि असीरगड हे दोन किल्ले तात्पुरते इंग्रजांच्या ताब्यात द्यावेत असे कलम होते. हांडिया मिळाला. असीरगडाचा किल्लेदार यशवंतराव लाड मात्र गड सोडीना. इंग्रजी कागदांत त्याचे नाव जसवंतराव लार असे येते. धन्याचे उघड हुकूम येत राहिले. किल्लेदार कारणे सांगत राहिला. इकडे एकेक दीप विझत चालला होता. पुणे गेले. १८१८ च्या जानेवारीत मंदसोरच्या तहाने होळकरांचे स्वातंत्र्य संपले. सातारा गेला, रायगड गेला. फिरता फिरता थकलेला दुसरा बाजीराव अखेर याच असीरगडाच्या आसऱ्याला, जवळच्या धूळकोट येथे येऊन राहिला, आणि ३ जून १८१८ रोजी त्याने सर जॉन माल्कमच्या स्वाधीन होऊन ब्रह्मावर्ताची वाट धरली. मराठी राज्याच्या इतिहासातला हा दुःखद दिवस असीरगडाच्या सावलीत उगवला आणि मावळला, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

बाजीराव गेला तरी गड उभाच होता. नागपूरचे आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कैदेतून निसटून महादेवाच्या डोंगरांत लपले होते. १८१९ च्या फेब्रुवारीत ते चितू पेंढाऱ्याबरोबर असीरगडाकडे आले. किल्लेदाराने आप्पासाहेबांना आत घेतले. चितूला आश्रय मिळाला नाही; तो रानात शिरला आणि वाघाने त्याला मारले. आता इंग्रजांना निमित्त मिळाले. दक्षिणेकडून जनरल डव्हटन आणि माळव्याकडून माल्कम अशा दोन फौजा गडाशी आल्या. सागरकडूनही तोफा मागविण्यात आल्या. १८ मार्चला पायथ्याची पेठ पडली. गडकऱ्यांनी खाली उतरून छापे घातले. त्यांपैकी एकात इंग्रजांचा कर्नल फ्रेझर मारला गेला. २१ मार्चला इंग्रजांच्याच मोर्च्यातील दारूचा साठा पेटून मोठा स्फोट झाला आणि त्यांची पुष्कळ माणसे दगावली. महिनाअखेरीस खालचा गड इंग्रजांनी घेतला, आणि मग बालेकिल्ल्यावर रात्रंदिवस मारा सुरू झाला. तटाला भगदाडे पडू लागली. पण त्याहून मोठी अडचण निराळी होती. गडावरची दारू संपत आली होती. शेवटी ९ एप्रिल १८१९ रोजी सुमारे बाराशे माणसे शस्त्रे ठेवून खाली उतरली. त्यांत आप्पासाहेब नव्हते. ते आधीच वेषांतर करून निघून गेले होते. पुढे लाहोरकडे फिरून ते जोधपूरला पोहोचले आणि १८४० साली तेथेच वारले.

आणि यशवंतराव लाड? धन्याचा हुकूम त्याने का मानला नाही, याचे उत्तर गड पडल्यावर सापडले. पेशवे सांगतील तसे वागावे, अशा आशयाचे दौलतरावांचे खाजगी पत्र इंग्रजांच्या हाती लागले. म्हणजे एका हाताने ग्वाल्हेरहून गड सोडण्याचे हुकूम निघत होते, आणि दुसऱ्या हाताने गड राखण्याची सूचना गेलेली होती. किल्लेदाराने दुसऱ्या पत्राचा शब्द पाळला. आणि तो पाळताना उघड बोल मात्र स्वतःच्या माथी घेतला. इंग्रजांनी या पत्राचा आधार घेऊन गड कायमचा आपल्याकडे ठेवला. जेते आणि जित या दोघांच्याही बखरींत या माणसाला फारशी जागा मिळाली नाही. मला स्वतःला वाटते, असीरगडावर जाणाऱ्या मराठी माणसाने निदान एकवार त्याचे नाव घ्यावे.

आता प्रत्यक्ष गडावर जाण्याविषयी. इंदूरहून असीरगड सुमारे एकशेसाठ किलोमीटर आणि बऱ्हाणपुराहून अर्ध्यापाऊण तासाच्या वाटेवर आहे. बऱ्हाणपूर हे २००३ सालापासून मध्य प्रदेशातील स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण आहे. तेथे मुक्काम करून पहाटे निघणे उत्तम. जाण्याचा काळ पावसाळा संपल्यापासून माघापर्यंतचा. त्या दिवसांत तळ्यांत पाणी असते, रान हिरवे असते, आणि दुपारचे ऊनही सोसवते. चैत्र-वैशाखात हा काळा खडक तव्यासारखा तापतो. नेमक्या त्याच दिवसांत १८१९ चा वेढा चालला होता, हे आठवावे.

मोटारीची वाट आहे, पण ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी गावाकडून पायऱ्यांच्या वाटेने एकामागून एक दरवाजे ओलांडीत चढावे. चढताना शत्रूच्या नजरेने पाहावे. वळण कोठे आहे, त्या वळणावर वरून कोणाला आपण दिसतो, धावत येऊन दारावर धडक देण्यास जागा उरते की नाही, हे पाहत गेले म्हणजे बांधणाऱ्याची बुद्धी पायांनाच कळू लागते. दरवाज्याजवळच्या खडकावर फारसी लेख आहेत. अकबर, त्याचा पुत्र दानियाल, शहाजहान, औरंगजेब अशा एकामागून एक धन्यांची नोंद एकाच गडावर झालेली आहे. प्रत्येकाने आपले नाव दगडावर कोरविले; दगड राहिला, धनी बदलत गेले.

माथ्यावर गेल्यावर प्रथम डोळ्यांत भरते ती दोन उंच मिनारांची जामा मशीद. फारुकी कारागिरांचे हे काम साधे आणि भारदस्त आहे. आत कमानींच्या ओळी एकीआड एक दिसत जातात. तेथून पुढे तळ्याकाठी महादेवाचे मंदिर आहे. महाभारतातला अश्वत्थामा अजूनही येथे येऊन पहाटे शंकराला फूल वाहतो, अशी पंचक्रोशीत श्रद्धा आहे. श्रद्धेचा मान राखावा. पण तिने इतिहास झाकू देऊ नये. अश्वत्थाम्यासाठी येणारे शंभर लोक येथे भेटतील. लाडाचे नाव सांगणारा एखादा भेटला तर भाग्य.

पुढे रानात पडक्या लांबलचक इमारती दिसतात. त्या इंग्रजी पलटणींच्या बराकी होत. १८१९ नंतर विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत येथे पलटणींची वस्ती होती. दूरदेशी येऊन तापाने मेलेल्या गोऱ्या शिपायांची थडगीही गडाच्या परिसरात आहेत.

इतिहासाची गोडी असणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगतो. सहाव्या शतकातील मौखरी राजा शर्ववर्मा याची मुद्रा ‘असीरगडची मुद्रा’ म्हणून प्रसिद्ध आहे. तिच्यावरून मौखरींचे राज्य येथवर होते असे कोणी म्हणेल. परंतु ती मुद्रा सापडली ती शिंद्यांच्या मालकीच्या वस्तूंच्या एका पेटीत. पेटीतली वस्तू कोठूनही आलेली असू शकते. तेवढ्यावरून राज्याची सीमा आखता येत नाही. गडावर फिरताना जे ऐकावे आणि जे पाहावे त्या सर्वांना हाच नियम लावावा: वस्तू कोठे सापडली, आणि ती मुळात तिथलीच आहे काय, असे विचारल्यावाचून पुढे जाऊ नये.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता हाताशी आले आहे. आसा अहीर विश्वासामुळे गेला, फारुकी रोगराईने किंवा मोडलेल्या शपथेने गेले, मोगलांचा गड थकलेल्या पगाराने गेला, आणि शिंद्यांचा किल्लेदार दारूच्या शेवटच्या पिंपापर्यंत लढून उतरला. कडा साऱ्यांना सारखाच लाभला होता. फरक पडला तो कड्याच्या आत काय होते यामुळे: पाणी स्वच्छ होते की नाही, शिपायाच्या घरी पैसे पोहोचत होते की नाही, धन्याच्या दोन पत्रांत एकच भाषा होती की नाही. राज्ये कशाने टिकतात याविषयी पोथ्यांतून पुष्कळ लिहिले आहे. तेच हा डोंगर दोन तासांत दाखवून देतो.

आज हा गड पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. तरी तटाच्या सांध्यांतून पिंपळ उगवतात, तळ्यांत गाळ साचतो, आणि आलेले प्रवासी आपापली नावे कोळशाने किंवा खिळ्याने भिंतींवर लिहून जातात. बाहेरचा शत्रू आता कोणी उरलेला नाही. जे काही व्हावयाचे ते पुन्हा आतूनच, तुमच्याआमच्या हातूनच होणार आहे. पुढच्या वेळी सातपुडा ओलांडताना अर्धा दिवस हाताशी ठेवा, मुलांना बरोबर घ्या, पाण्याचा तांब्या भरून घ्या आणि गड चढा. आणि गाडीतल्या मुलाने “हा कोणता किल्ला?” असे विचारले, तर त्याला गडाचे नाव सांगा, आणि त्याबरोबर तो राखणाऱ्या माणसाचेही सांगा.